विश्वासात मोठं होणं म्हणजे नक्की काय? पास्टरांचा फोन लागला नाही त्या रात्रीपासून हा प्रश्न सोडत नाहीये

पहाटवारा

सर्वांना सलाम. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे नगरकडचे (आता अहिल्यानगर), आजोबांच्या वडिलांपासून ख्रिस्ती. बाप्तिस्मा लहानपणीच, मग शब्बाथशाळा, नाताळच्या नाटकात मेंढपाळ, तोंडपाठ वचनांची बक्षिसं, सगळं झालं. लग्न करून पिंपरीला आले. २०१९ मध्ये पप्पा गेले आणि तेव्हा इथल्या एका फेलोशिपने (छोट्या मंडळीने, म्हणजे चर्चने) आम्हाला अक्षरशः धरून ठेवलं. पास्टर आणि त्यांच्या मिसेस महिनाभर रोज संध्याकाळी घरी यायचे, कधी नुसते बसून राहायचे. हे आधीच सांगते कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्याविरुद्ध नाहीये, प्लीज तसं कोणी वाचू नका.

तर तेव्हापासून मला सवय लागली. काहीही ठरवायचं असलं की आधी पास्टरांना फोन. फ्लॅट कुठला घ्यायचा, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, नवऱ्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा. मागच्या वर्षी ऑफिसने बंगळूरला टीम लीडची जागा दिली होती, मी पास्टरांना विचारलं, ते म्हणाले मला प्रार्थनेत शांती मिळत नाहीये, आणि मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला नाही कळवून टाकलं. सहा महिन्यांनी सहज विषय निघाला तर त्यांना ते आठवतच नव्हतं. त्यांचा राग नाही आला, शंभरेक घरं बघतात ते, किती लक्षात ठेवणार. पण घरी येताना रिक्षात मला भीती वाटली. मी स्वतः त्या बंगळूरसाठी एकदासुद्धा गुडघे टेकले नव्हते. एकदासुद्धा नाही.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. जूनमध्ये आईला रात्री दीडला दम लागला, ॲडमिट केलं. आयसीयूत न्यायच्या आधी स्ट्रेचरवर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, बाळ, प्रार्थना कर. मी काय केलं असेल? मी फोन काढला. पास्टरांना लावला, बंद. परत लावला, बंद. तिसऱ्यांदा लावला. आई माझ्याकडे बघत होती. शेवटी मी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', आणि रोजच्या भाकरीपर्यंत आले आणि पुढचं आठवेचना. पुढचं आईने म्हटलं, ऑक्सिजनच्या मास्कमधून.

आई आता बरी आहे, देवाचे उपकार. पण मी छत्तीस वर्षांची आहे आणि बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात जे म्हटलंय ना, की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं पण तुम्हाला अजून दूधच लागतंय, ते वाचताना मला माझंच नाव ऐकू येतं.

मला मंडळी सोडायची नाहीये. पण असं दुसऱ्याच्या कानांनी देवाचं ऐकत किती दिवस राहायचं? कुणी यातून गेलंय का?


रात्रपाळी

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. आधी एक सांगू? ती प्रार्थना तुमच्या दोघींची मिळून पूर्ण झाली. अर्धी तुम्ही, अर्धी आईने. मला तरी त्यात काही कमी वाटत नाही.

मी कुवेतला नर्स आहे, नऊ वर्षं झाली. घर जालना जिल्ह्यात. इथे उपासना शुक्रवारी असते कारण सुट्टी शुक्रवारची, आणि माझी ड्युटी अशी की महिन्यातून एखादाच शुक्रवार मिळतो. पहिली दोन वर्षं मी पार कोरडी पडले होते. गावाकडे आमच्या घरात प्रार्थना म्हणजे आजीचं काम होतं, मी फक्त आमेन म्हणायचे. इथे आमेन कशाला म्हणणार, समोर कुणी बोलतच नव्हतं!

मग एका केरळी सिस्टरने मला बायबलातली स्तोत्रसंहिता महिन्यात कशी वाचायची ते दाखवलं. अँग्लिकन लोकांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत वाटून दिलेली आहेत, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. मी ड्युटीला जाताना बसमध्ये आणि येताना बसमध्ये वाचते. मूड असो नसो. आधी वाटायचं हे काय नुसतं वाचन, ही काय प्रार्थना झाली. पण सातआठ महिन्यांनी असं व्हायला लागलं की पेशंटच्या बाजूला उभी असताना आपोआप ओळ वर यायची. तेराव्या स्तोत्रात दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' विचारलंय. असं देवाला विचारता येतं हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं! आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी काही उजाडत नाही. तेही बायबलमध्येच आहे. ज्या रात्री माझ्या वॉर्डात लहान मूल गेलं त्या रात्री मला तेच वाचता आलं, दुसरं काही नाही.

स्वतःचे शब्द नसले तर स्तोत्रांचे उसने घ्या ताई. हळूहळू आपले येतात.


वचनसेवक

बहीण, तुमचं दुःख समजतं आणि आईसाठी प्रार्थना करतो. पण एक सावधगिरीचा शब्द बोलू द्या, मी आमच्या मंडळीत वडील (एल्डर) म्हणून सेवा करतो आणि हा विषय मी फार जवळून पाहिलाय.

आजकाल स्वतंत्र विश्वास, माझा आणि देवाचा डायरेक्ट संबंध, असं बोलायची पद्धत पडलीये. आमच्याकडचे चार तरुण असंच म्हणत गेले. युट्यूबवर संदेश ऐकतात, मनाला येईल ते चॅनल बदलतात, आज कुठल्याच मंडळीत नाहीत. एकाचं लग्न मोडायला आलं तेव्हा त्याला दोन शब्द ऐकवणारं कुणीच नव्हतं. इब्रीच पुढे तेराव्या अध्यायात सांगतं की तुमच्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा, ते तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्यांना हिशेब द्यायचाय. पाचवा अध्याय घ्यायचा आणि तेरावा सोडायचा, असं चालणार नाही. मेंढरू कळपातून निघालं म्हणजे मोठं झालं असं नसतं.


पहाटवारा

@वचनसेवक, दादा, मी ते वचन सोडत नाहीये, खरंच. मला तेच कळत नाहीये की आज्ञेत राहणं आणि स्वतः न चालणं यात फरक कुठे सुरू होतो. तुम्ही म्हणता त्या मुलांसारखं मला व्हायचं नाहीये. पण आज मी आहे तसंही राहायचं नाहीये.

@रात्रपाळी, आजपासून सुरू करते. आईलाही सांगितलं.


वडाखाली

बाळ, मी पाळक होतो, एकोणचाळीस वर्षं, आता निवृत्त. म्हणून तुझ्या पास्टरांच्या खुर्चीतून थोडं सांगतो.

आमच्यात पाळकाची बदली होते. मी एका गावात आठ वर्षं होतो. बुधवारची प्रार्थना, शुक्रवारची कॉटेज मीटिंग (कुणाच्या तरी घरी भरणारी सभा), स्त्रियांची सभा, आजाऱ्यांच्या भेटी, सगळीकडे मीच. लोक म्हणायचे साहेब, तुम्ही प्रार्थना केली की बरं वाटतं. मला ते आवडायचं, हे मी आज कबूल करतो. वाटायचं मी मंडळी बांधतोय. बदली झाली आणि तीन महिन्यांत बुधवारची प्रार्थना बंद पडली. नवे पाळक यायला वेळ लागला होता, तोपर्यंत कुणी उभंच राहिलं नाही. आठ वर्षं मी त्यांच्या वतीने बोलत राहिलो आणि त्यांच्या तोंडातली प्रार्थना काढून घेतली. पुष्कळ रात्री मी त्याच्यासाठी क्षमा मागितलीये.

मग मी प्रेषित पौलाकडे परत गेलो. थेस्सलनीकात तो सभास्थानात तीन शब्बाथ बोलला असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. करिंथात दीड वर्ष. सगळ्यात जास्त इफिसात, तीन वर्षं. आणि तिथल्या वडिलांना मिलेतात बोलावून सांगितलं की आता तुम्ही माझं तोंड पुन्हा बघणार नाही, मी तुम्हाला देवाकडे आणि त्याच्या वचनाकडे सोपवतो. रडारड झाली, गळ्यात पडले, आणि तो जहाजावर चढला. खुद्द प्रभू शिष्यांना म्हणाला की मी जातो हे तुमच्या हिताचं आहे. इतकी वर्षं मी हे वचन अंत्यविधीला वाचत होतो, त्यातला पाळकांसाठीचा अर्थ मला त्या बदलीनंतर दिसला.

वचनसेवक भाऊंनी इब्री १३ काढला ते बरोबर केलं. मी सेमिनरीत थोडं ग्रीक शिकलो होतो, फार नाही. तिथे ज्याचं भाषांतर आपण आज्ञा पाळा असं करतो ते क्रियापद मन वळवणे, खात्री पटवणे या धातूवरून आलंय. म्हणजे पटू द्या, ऐकून घ्या. लगेच पुढे 'अधीन असा' असाही शब्द आहे, तो मी लपवत नाही. पण पटवून घ्यायचं म्हणजे समोरच्याला डोकं आणि मन दोन्ही आहे हे धरूनच चाललंय ना. आणि पेत्र वडिलांना सांगतो की कळपावर धनीपण करू नका, कित्ता व्हा.

आता तुझं दूध आणि जड अन्न. आपल्याला वाटतं जड अन्न म्हणजे अवघड शिकवण, प्रकटीकरणाचे शिंगं आणि शिक्के. पण इब्रीचा लेखक तसं म्हणत नाही. ५:१४ नीट वाच. जड अन्न प्रौढांसाठी, आणि प्रौढ कोण, तर वापराने ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना बरंवाईट ओळखायचा सराव झालाय ते. तिथला शब्द तालमीतला आहे, पहिलवान अंग कमावतो तो. म्हणजे बाळ, निर्णय घेऊन घेऊनच ती ताकद येते. तुझ्या पास्टरांनी तुझ्या वतीने जोर मारले तर दंड त्यांचे भरणार.


तालमीतला

मी एकोणीस वर्षांचा आहे, काकांचं शेवटचं वाक्य स्क्रीनशॉट काढून आमच्या यूथ ग्रुपवर टाकलं 🙏 आमच्याकडे रोज सकाळी वचनाचे फोटो फॉरवर्ड होतात, चाळीस लोक आमेन टाकतात, आणि खरं सांगतो मी कित्येकदा न वाचताच आमेन टाकलंय. उद्यापासून आधी उघडून पूर्ण अध्याय वाचणार.


जुनी_पानं

या विषयावर आपल्याच माणसांचं उदाहरण कुणी कसं दिलं नाही अजून? आपण महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक पंडिता रमाबाईंचं नाव केडगावच्या मुक्ती मिशनसाठी घेतो, १९०५ च्या संजीवनासाठी घेतो. पण पहाटवाराताईंचा जो प्रश्न आहे तो रमाबाई १८८५ मध्ये पत्रांतून लढत होत्या, तेही इंग्लंडमध्ये, परक्यांच्या घरात राहून, वय सत्तावीस, नवरा गेलेला, कडेवर लहान मनोरमा.

बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजला झाला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता, मठातल्या. प्रेमळ बाई, पण त्यांचं म्हणणं असं की चर्च शिकवतं ते नवीन विश्वासणाऱ्याने मुकाट घ्यावं. रमाबाई त्रैक्याबद्दल प्रश्न विचारायच्या, ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल विचारायच्या, मतांगिकारातल्या (उपासनेत म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीतल्या) शापांच्या भाषेबद्दल विचारायच्या. त्यावर उत्तर यायचं की हा गर्व आहे. अंडी-मांस खात नाहीत तोही गर्व. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, आमच्या बायकांना लॅटिन तितकंच परकं, मला संस्कृत चालेल, असं म्हणाल्या तोही गर्व. तेव्हा रमाबाईंनी जे कळवलं त्याचा मतितार्थ असा, की मी एका पुरोहितवर्गाचं जू फार कष्टाने मानेवरून काढलंय, लगेच दुसरं घालून घेणार नाही. तुमचं ऐकेन, पण देवाने मला विवेक दिलाय आणि उत्तर मलाच द्यायचंय.

आता महत्त्वाचं. त्या सोडून गेल्या नाहीत. ना ख्रिस्ताला, ना त्या सिस्टरला. भांडत भांडत पत्रं लिहीत राहिल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या डोरोथिया बील बाई त्यांचे प्रश्न धीराने ऐकायच्या, त्यांच्याशीही बोलत राहिल्या. आणि स्वतःच्या साक्षीत त्यांनी पुढे लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! म्हणजे १८९१. तोपर्यंत अमेरिका झाली होती, मुंबईत शारदा सदन, त्यांची विधवांसाठीची शाळा, निघून पुण्याला हललं होतं, सगळं जग त्यांना मोठी ख्रिस्ती बाई म्हणत होतं.

आणि शेवट बघा. म्हातारपणी, ऐकू येत नाही, आजारपण, तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणत बसल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. त्यानंतरही काम चालूच. एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. जिला गर्विष्ठ म्हणून गप्प बसवायला बघत होते तिने गावातल्या बाईच्या हातात तिला वाचता येईल असं शास्त्र दिलं, मधला माणूस नको म्हणून. मला हे आठवलं की दर वेळी भरून येतं.


किनारा

वसईहून. मी कॅथलिक, त्यामुळे आमच्यात हा प्रश्न थोडा वेगळ्या वाटेने येतो. आम्हाला चौदापंधराव्या वर्षी बिशप येऊन कपाळाला तेल लावतात, दृढीकरण, आणि कॅटेकिझमच्या वर्गात सांगितलेलं की आता तुम्ही प्रौढ ख्रिस्ती. नवीन शर्ट, घरी जेवण, आणि दुसऱ्या दिवसापासून परत सगळं फादरांवर. मीही तसाच होतो.

२०२० च्या मार्चमध्ये चर्च बंद झाली. आमच्या गावात घंटा वाजायची पण मिस्सा (आमची उपासना) नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मोबाईलवर मिस्सा बघायचो पण आठवडाभराने पोरं कंटाळली. तेव्हा माझ्या बायकोने ठरवलं की रात्री जपमाळेनंतर घरातल्या एकेकाने त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचायचं आणि त्यात आपल्याला काय टोचलं ते सांगायचं. टोचलं हाच शब्द तिचा. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने उधळ्या पुत्राच्या गोष्टीत विचारलं की थोरला भाऊ आत गेला का नाही ते का नाही सांगितलंय? मी चाळीस वर्षं ती गोष्ट ऐकतोय, मला हा प्रश्न पडला नव्हता.

आमच्याकडे अधिकार आणि विवेक या दोन्ही गोष्टी आहेत आणि लोकांना वाटतं पहिलीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या दस्तऐवजात स्पष्ट आहे की विवेक हे माणसाचं सगळ्यात आतलं गाभारं आहे, तिथे तो देवाबरोबर एकटा असतो. आणि संत इग्नाती लोयोला, येशूसंघाचे, त्यांनी मार्गदर्शकाला जी सूचना दिलीये ती मला फार आवडते. जो दुसऱ्याला साधना देतो त्याने तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं, कुठल्याच बाजूला झुकवू नये, निर्माणकर्त्याला आपल्या लेकराशी थेट वागू द्यावं. वडाखाली काका, तुम्ही जे सांगितलंत तेच ना हे?

इग्नातींचं आणखी एक रोजच्या कामाचं. मन उदास, कोरडं असेल तेव्हा आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. आणि रात्री झोपताना दिवस परत बघायचा, आज देव कुठे जवळ होता, मी कुठे लांब गेलो. मी गेली चारेक वर्षं करतोय. पाचदहा मिनिटं लागतात. पहाटवाराताई, बंगळूरसारखा प्रश्न परत आला तर हे करून बघा, दोन्ही बाजू काही दिवस मनात धरून ठेवायच्या आणि कुठे गेल्यावर शांती टिकते ते लिहून ठेवायचं. मग फादरांकडे, म्हणजे तुमच्या पास्टरांकडे, ती वही घेऊन जायचं. रिकाम्या हाताने नाही जायचं.


वचनसेवक

वडाखाली साहेब, आपण वयाने आणि सेवेने मोठे, आपलं म्हणणं दोनदा वाचलं. ग्रीकचं मला माहीत नव्हतं. एक कबूल करतो, त्या चार मुलांबद्दल मी लिहिलं, पण ती मुलं आमच्यात होती तेव्हा त्यांनी विचारलेले प्रश्न मी दोनदा तरी टाळले होते. एकाने विचारलं होतं की दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला) निव्वळ पगारावर का ढोबळ, आणि नव्या करारात सक्ती कुठे आहे. मी म्हणालो विश्वासाने द्यायचं असतं, प्रश्न नाही विचारायचे. आज वाटतं बसून २ करिंथ ८ आणि ९ उघडायला हवं होतं त्याच्याबरोबर.

तरी एकटं राहण्याची भीती मला वाटते ती वाटतेच. रमाबाईंसारखे लोक हजारात एक. बाकीच्यांना कळप लागतो.


रात्रपाळी

@वचनसेवक दादा, कळप लागतोच. मी नऊ वर्षं जवळजवळ कळपाशिवाय काढली, मला विचारा कसं वाटतं ते. पण रमाबाई हजारात एक म्हणाल तर माझी आजी सांगते. आजीला अक्षरओळख नव्हती, अंगठा उठवायची. टिळकांची (कवी ना. वा. टिळक, लोकमान्य नव्हेत) भजनं आणि उपासनेतली गायनं शंभर तरी पाठ असतील, शेतात खुरपताना म्हणायची. एकदा आमच्याकडे बाहेरून एक प्रवचन देणारे आले आणि म्हणाले की ज्या घरात आजार आहे त्या घरात पाप लपलंय. माझी चुलती तेव्हा कॅन्सरने अंथरुणावर. आजी पाठीमागून उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि म्हणाली, साहेब, त्या जन्मांधळ्याचं प्रभूने काय सांगितलं व्हतं? त्यानं पाप केलं का त्याच्या आईबापानं? सगळी मंडळी गप्प. ते साहेबही गप्प. मग आजी खाली बसली.

तिने योहानाचा नववा अध्याय कधी वाचला नव्हता, ऐकला होता, पण ऐकून तिचा झाला होता. आणि ती मंडळी सोडून कुठे गेली नाही, तिथेच मेली, तिथल्याच स्मशानात आहे. मोठं होणं म्हटलं की मला ती पाठीमागून उभी राहिलेली दिसते.


जुनी_पानं

@रात्रपाळी, तुमच्या आजीला माझा सलाम.

टिळकांचं निघालंच आहे तर. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंनी लगेच घेतला नाही! नवरा ख्रिस्ती झाला म्हणून मी झाले, असं त्या काळात किती सोपं होतं, आणि तरी त्या आपल्या सोवळ्याओवळ्यासकट थांबल्या, आधी काही वर्षं नवऱ्यापासून लांब, मग त्याच्याकडे आल्यावरही वेगळी चूल, स्वतः विचार करत, रडत, भांडत. जातपात देवाने केलेली नाही, माणसाने केलीये, हे त्यांना आतून पटलं तेव्हा त्या हलल्या आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी जबरदस्ती केली असती तर आपल्याला लक्ष्मीबाई मिळाल्या नसत्या.

आणि खुद्द टिळक १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून बाहेर पडले, देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात. मिशनऱ्यांशी त्यांचं प्रेम तुटलं नाही, पण आपल्या लोकांनी परदेशी पैशाकडे आणि परदेशी साहेबाकडे बघत बसावं हे त्यांना सहन होत नव्हतं. गंमत म्हणजे ज्या अमेरिकन मंडळाने १८१३ ला मुंबईत काम सुरू केलं त्याच मंडळाचे सचिव रूफस अँडरसन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगत होते की स्थानिक मंडळीने आपला खर्च आपण करावा, कारभार आपण करावा, प्रसारही आपणच. इंग्लंडमधले हेन्री व्हेनही तेच म्हणत होते. कागदावर सगळ्यांना पटलेलं. प्रत्यक्षात साहेबाने आणि आपण, दोघांनीही ते तडीस नेलं नाही. एका माणसाचं होतं तेच अख्ख्या मंडळीचंही होतं.


वडाखाली

@वचनसेवक, भाऊ, तुमची भीती खरी आहे आणि ती टाकू नका. गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय बघा. दुसऱ्या वचनात, एकमेकांची ओझी वाहा. पाचव्यात, प्रत्येकाने आपापला भार वाहिला पाहिजे. तीन वचनांच्या अंतरात दोन्ही. मी तरुण असताना मला हा विरोधाभास वाटायचा. आता असं दिसतं की ज्याने आपला भार उचललाच नाही त्याला दुसऱ्याचं ओझं धरता येत नाही, हात मोकळे असून खांदा तयार नसतो.

आणि त्या मुलाला फोन करा. दशांशवाल्याला. उशीर झालेला नाही.

बाळ पहाटवारा, तुला एक अध्याय देतो, योहान ४, शोमरोनी बाईचा. विहीर, पाच नवरे, एवढंच आपण सांगतो. शेवटी गावकरी तिला काय म्हणतात ते बघ. आता तुझ्या सांगण्यावरून आम्ही विश्वास ठेवतो असं नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. त्या बाईला वाईट वाटलं असेल का? मला नाही वाटत. तुझ्या पास्टरांनाही हे सांगून बघ.


पहाटवारा

सहा आठवड्यांनी परत लिहितेय, मधे आईचं फॉलोअप आणि मुलीच्या परीक्षा.

पास्टरांशी बोलले. सोपं नव्हतं. मी म्हणाले की मला सल्ला हवाय पण उत्तर नकोय, आधी मी प्रार्थना करून येईन आणि मग तुम्ही मला प्रश्न विचारा. ते थोडे दुखावले. म्हणाले, आमच्या बोलण्यावर विश्वास राहिला नाही का? मी योहान ४ काढलं. ते वाचत बसले, काही बोलले नाहीत, मिसेसनी चहा आणला, आम्ही शाळेबिळेचं बोललो आणि मी निघाले. नंतरच्या बुधवारी त्यांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की महिन्यातला एक बुधवार तू घे, मी मागे बसेन. मी हो म्हणून बसले आणि रात्रभर झोप नाही. झाला तो बुधवार. तेरावं स्तोत्र घेतलं. एक काकू नंतर म्हणाल्या की देवाला असं कोठवर विचारणं मला नाही पटत, आणि आम्ही दोघी गेटपाशी वीस मिनिटं त्यावर बोलत उभ्या होतो. त्यांना अजून पटलेलं नाही. छान वाटलं पण.

घरी मी आणि आई रात्री स्तोत्रं वाचतो. आई वाचून झालं की स्वतःचं काहीतरी जोडते, पप्पांचं, शेजारच्यांचं, गावच्या विहिरीचं. एवढी वर्षं ती माझ्या मागे बसून आमेन म्हणत होती आणि मी पास्टरांच्या मागे. तिला इतकं येतं हे मला माहीतच नव्हतं.

आता मुख्य. बंगळूरची जागा परत निघालीये, वेगळ्या टीममध्ये, या महिनाअखेरीस कळवायचंय. किनारा दादा, तुमच्यासारखी वही केलीये. बारा दिवस झाले. सात दिवस जावं वाटलं, पाच दिवस नाही, आणि न जावं वाटलेल्यातले तीन दिवस नुसत्या भीतीचे होते, ते वेगळ्या पेनने लिहिलेत. नवऱ्याने स्वतःची वेगळी यादी केलीये. निर्णय अजून झालेला नाही आणि जावं की नाही हे मी इथे विचारत नाहीये. एकच विचारायचंय, बंगळूरला मराठी उपासना कुठे होते का? आईला इंग्रजीत प्रार्थना लागत नाही.


रात्रपाळी

ताई, माझी नर्सिंगची बॅचमेट सहा वर्षं बंगळूरला आहे, सोलापूरची. आज नाईट आहे तिची, सकाळी फोन करून विचारते आणि इथेच कळवते.


किनारा

माझा चुलत भाऊ पण तिकडे असतो, तो कॅथलिक चर्चमध्ये जातो पण मराठी घरं त्याला माहीत असतील. विचारतो. आईंना सलाम सांगा.